स्विमिंग पूलभोवतीचं कृत्रिम गवत : आधी पाण्याची वाट, मग गवताचा रोल

जांबोटी रोड, खानापूर, निपाणीचा हायवे, चिकोडीकडचे मळे. गेल्या काही वर्षांत आपल्या बेळगाव जिल्ह्यात फार्महाऊस वाढली आणि त्यांच्या पाठोपाठ स्विमिंग पूलही आले. पूल बांधून झाला, पाणी भरलं, पोरं उतरली, की पहिल्याच आठवड्यात मालकाच्या ध्यानात येतं की पायांबरोबर माती पाण्यात जातेय. हराळी किंवा लॉन लावलं तर कडेची तीन-चार फुटांची पट्टी तग धरत नाही. तिथे सतत ओलं असतं, क्लोरीनचं पाणी उडत असतं आणि सगळ्यांचे पाय तिथूनच जातात. मग कृत्रिम गवताचा विचार सुरू होतो.

या गवताची निवड बहुतेक जण हिरवा रंग आणि चौरस फुटाचा दर बघून करतात. मी हे काम बरीच वर्षं जवळून पाहतोय. गवत खराब झालं म्हणून बोलावणं आलं आणि कोपरा उचलून बघितलं, तर दहातल्या आठ वेळा बिघाड वर नसतो, खाली असतो. पाणी जायला जागाच नसते. चांगला रोल वाईट पायावर दोन पावसाळ्यांत कुजकट वास मारायला लागतो, आणि मध्यम प्रतीचा रोल चांगल्या पायावर कितीतरी वर्षं निभावतो. म्हणून या लेखात गवतापेक्षा पाण्याबद्दल जास्त बोललोय.

आधी ठरवा : किती जागेत घालायचं?

अख्खं अंगण कृत्रिम गवताखाली घालू नका. खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात जून ते नोव्हेंबर जमीन आपणहून हिरवी असते. तिथे प्लॅस्टिक अंथरून मुरणारं पाणी अडवायला मला कारण दिसत नाही. पूलच्या कडेपासून सहा ते दहा फुटांची पट्टी, आंघोळीच्या शॉवरकडे जाणारी वाट आणि खुर्च्या मांडायची जागा एवढं पुरतं. अथणी, रायबाग, चिकोडीच्या पूर्वेकडे गोष्ट वेगळी. तिथे उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची मारामार, लॉनला पाणी कुठून घालणार? त्या भागात थोडं जास्त क्षेत्र घेतलं तरी समजण्यासारखं आहे, पण ऊन तिथे जास्त आणि त्याचा त्रास पुढे सांगतो.

आणखी एक. गवत थेट पाण्याच्या कडेपर्यंत आणू नका. पूलची कोपिंग (काठावर बसवलेली कड) आणि तिला लागून दीड-दोन फुटांची दगडी पट्टी मोकळी ठेवा. शहाबाद फरशी खरबरीत बाजू वर करून बसवली तर छान. काळा कडप्पा मात्र उन्हात फार तापतो. या पट्टीमुळे तीन फायदे होतात. पूलमधून बाहेर येणाऱ्या माणसाचं सगळं पाणी दगडावर निथळतं, पूल साफ करणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते, आणि गवताचे सुटे धागे वा वाळू थेट पाण्यात पडत नाही.

तालुका बदलला की जमीन बदलते

बेळगाव शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पश्चिमेला कणकुंबीकडे, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे त्याच्या कितीतरी पट पडतो, आणि पूर्वेला अथणीत त्याच्या निम्माही नाही. एकाच जिल्ह्यातली ही तफावत. त्यामुळे गोव्यात किंवा पुण्यात कुणी कसं केलं ते बघून आपल्याकडे तसंच्या तसं करून भागत नाही.

खानापूर पट्ट्यात जांभा आणि तांबडी माती. पाणी मुरतं, पण त्या मातीचा बारीक चिखल पाण्याबरोबर वाहत येतो आणि गवताच्या तळातली भोकं बुजवतो. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबागकडे काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट पाया घातला तर पहिल्याच वर्षी गवत कुठे फुगलेलं, कुठे खचलेलं दिसतं. तुमची जमीन यातली कोणती, ते रोल बघायला जायच्या आधी ठरवा. पायाचा खर्च त्यावर अवलंबून आहे.

रोल निवडताना काय बघायचं

उंचीपासून सुरुवात करू. दुकानात ३५, ४०, ५० मिलिमीटरचं गवत हाताला गुबगुबीत लागतं आणि मन तिथेच अडकतं. पूलसाठी मी २० ते ३० मिलिमीटर सांगतो, २५ बहुतेक ठिकाणी योग्य. उंच गवत पाणी धरून ठेवतं, पायाखाली लवकर लोळतं, पानगळ त्यात अडकते आणि वाळायला दुप्पट वेळ घेतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा वाळण्याचा वेळ सगळ्यात महत्त्वाचा.

धागा पॉलिइथिलीनचा हवा. तो मऊ असतो आणि अनवाणी पायाला टोचत नाही. पॉलिप्रॉपिलीन स्वस्त पडतं, पण कडक असतं आणि एकदा दबलं की नीट उभं राहत नाही. गवताच्या मुळाशी तपकिरी-पिवळा कुरळा धागा असतो, तो पॉलिप्रॉपिलीनचा असला तरी चालतो. तो आधारासाठीच असतो. नायलॉन मजबूत, पण महाग, जास्त तापतं आणि पाणी शोषतं. पूलला नको.

दुकानदार ‘डीटेक्स’ किती ते अभिमानाने सांगतात. १० हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डीटेक्स. आकडा मोठा म्हणजे धागा जाड, एवढंच. पण एका टाक्यात सहा-आठ पाती एकत्र असतात आणि आकडा बहुधा सगळ्यांचा मिळून दिलेला असतो, त्यामुळे नुसत्या त्याच्यावर जाऊ नका. एका चौरस मीटरमध्ये टाके किती आणि एका चौरस मीटरचं एकूण वजन किती, हे दोन आकडे सोबत मागा. पात्याला मधे कणा किंवा इंग्रजी सी, डब्ल्यू अक्षरासारखा बाक असेल तर ते दबल्यावर परत उठतं. सपाट फितीसारखं पातं एका हंगामात झोपतं.

आता रोल उलटा करा. खरी पारख इथे होते. तळाला काळं किंवा राखाडी अस्तर असतं, त्यावर बहुतेक वेळा लेटेक्सचा थर. पाणी जाण्यासाठी साधारण चार-चार इंचांवर भोकं पाडलेली असतात. पूलसाठी शक्य तर पॉलियुरेथेनचा थर असलेलं घ्या. लेटेक्स सतत ओलं राहिलं की हळूहळू भुसभुशीत होतं, टाके सैल पडतात. पॉलियुरेथेनचं गवत महाग असतं आणि आपल्या बाजारात सहज मिळत नाही. ऑर्डर द्यावी लागते. लेटेक्सचंच घ्यायचं झालं तर भोकं आरपार आहेत का, ते रोल उजेडाकडे धरून बघा. सुई घातल्यासारखं बारीक छिद्र वरून दिसतं आणि आत लेटेक्सने बुजलेलं असतं, असे रोल मी भरपूर पाहिलेत. काही रोलचं सगळं अस्तरच पाणी झिरपणारं असतं, भोकांची गरजच नसते. पूलसाठी ते उत्तम.

उन्हापासून संरक्षणाचं रसायन धाग्यात मिसळलेलं आहे का, हे डोळ्यांनी कळत नाही. म्हणून वॉरंटी लेखी घ्या आणि ती नुसत्या रंगाची आहे की धागा ठिसूळ होण्याचीही, हे वाचा. पूलजवळ वापरलं तर वॉरंटी लागू राहते ना, हेही विचारा. काही कंपन्या क्लोरीनचं कारण पुढे करतात. घरात लहान मुलं असतील तर रंगात शिसं नसल्याचं प्रमाणपत्र मागा. पूर्वी काही गवतांच्या रंगात शिशाची संयुगं असत आणि जुना माल स्वस्तात फिरत असतो.

नमुना घरी आणा

बेळगावातलं उद्यमबाग असो, कोल्हापूर असो की हुबळी, दुकानातून फूटभर तरी नमुना मागून आणा. पैसे देऊन आणा हवं तर. मग चार गोष्टी करा.

एक पातं चिमटीत धरून जोरात ओढा. अख्खा टाका निघून आला तर तो रोल सोडून द्या. नमुना उलटा करून अंगठ्याने अस्तर घासा; भुकटी सुटत असेल तर लेटेक्समध्ये खडूची पूड जास्त आहे. नमुना दोन विटांवर ठेवून वरून तांब्याभर पाणी एकदम ओता आणि किती वेळात खाली जातं ते बघा. चांगल्या नमुन्यावर पाणी थांबतच नाही. थांबून कडेने वाहायला लागलं तर पावसात तुमच्या अंगणातही तेच होणार. शेवटी, नमुन्याचे दोन तुकडे करा. एक पूलच्या पाण्याने भरलेल्या बादलीत आठवडाभर बुडवून ठेवा, दुसरा गच्चीवर उन्हात वीट ठेवून दाबा. बादलीतला तुकडा बाहेर काढून वास घ्या, अस्तर वाकवून बघा. विटेखालचा तुकडा हाताने विंचरा आणि अर्ध्या तासाने पाती उभी राहतात का पाहा. या आठवड्याभरात जेवढं कळतं, तेवढं कुठल्याही माहितीपत्रकात मिळत नाही.

पाया : इथे पैसे घाला

ढाळ पूलपासून बाहेरच्या दिशेने. याला अपवाद नाही. कोपिंग सगळ्यात उंच, आणि तिथून प्रत्येक १० फुटांना सव्वा ते दीड इंच उतार. उतार संपतो तिथे नाली किंवा जाळीचं गटार, आणि ते गटार पुढे कुठे जातं ते स्वतः चालत जाऊन बघायचं. आमच्याकडचे एक जुने मेस्त्री काम सुरू करायच्या आधी चार बादल्या पाणी ओततात आणि नुसते बघत उभे राहतात. मालक घाई करायला लागले की म्हणतात, “थांबा की सावकार, पाणी कुटं जातंय ते बघून घेऊ पैला. मग तुमचं गवात.” तुम्हीही तेच करा. पाणी जिथे घुटमळतं तिथे खडूने खूण करा. ती जागा आधी दुरुस्त करायची.

जांभ्याच्या, तांबड्या जमिनीत चार इंच उकरा. सगळी मुळं काढा, विशेषतः लव्हाळा. लव्हाळ्याची टोकं इतकी तीक्ष्ण असतात की ती कापड फाडून, गवत छेदून वर येतात, आणि त्याच्या गाठी जमिनीत राहिल्या की पुन्हा फुटतात. हराळी उपटून होते, लव्हाळा खणूनच काढावा लागतो. मग माती ठोकून घ्या, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. त्यावर दोन-अडीच इंच २० मिलिमीटरची खडी, वर इंचभर ६ मिलिमीटरची बारीक खडी, आणि प्लेट कॉम्पॅक्टरने दाबणं. खर्च वाचवायला कापड वगळू नका. तांबडा चिखल खालून वर खडीत चढू नये म्हणून ते असतं.

काळ्या मातीत हे पुरत नाही. तिथे आठ-दहा इंच उकरून माती बाहेर काढावी लागते. तळाला कापड, त्यावर चार-पाच इंच मुरूम दोन थरांत, प्रत्येक थर पाणी मारून दाबलेला. मग खडी, मग बारीक खडी. कडेने विटांची किंवा चिऱ्याची एक ओळ सिमेंटमध्ये बसवा, म्हणजे पाया कडेने सरकणार नाही. हे काम उन्हाळ्यात जमीन भेगाळलेली असताना करू नका आणि पावसाळ्यात फुगलेली असतानाही नको. दिवाळीनंतर महिनाभराने जमीन स्थिर असते, तो काळ चांगला. खानापूर पट्ट्यातही ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हेच दिवस सांगेन, कारण मार्चनंतर वळवाचा भरवसा नाही आणि गोंद ओल्यावर धरत नाही.

क्रशरची भुकटी खडीच्या जागी वापरायचा आग्रह काही ठेकेदार करतात. ती छान सपाट बसते, पण ओली झाली की घट्ट होते आणि पाणी अडवते. वरच्या समतलीसाठी अगदी पातळ थर ठीक, पूर्ण पाया तिचा नको.

पूलभोवती आधीच काँक्रीट किंवा फरशी असेल तर उकरायची गरज नाही, पण गवत थेट त्यावर चिकटवू नका. खाली ८ ते १० मिलिमीटर उंचीची प्लॅस्टिकची ड्रेनेज चटई घाला, म्हणजे गवत आणि काँक्रीट यांच्यात हवा-पाणी खेळतं राहील. काँक्रीटला ढाळ नसेल तर आधी तो करून घ्या. सपाट काँक्रीटवरचं गवत म्हणजे वर्षभर ओला कांबळा.

आणि गवत धरून ठेवणारे खिळे ठोकायच्या आधी : पंपाच्या पाइपलाइन, पूलच्या दिव्यांच्या वायरी, अर्थिंग कुठून गेलंय याचे फोटो पाया उघडा असतानाच मोबाईलवर काढून ठेवा. सहा इंचांचा खिळा वायरीत गेला तर तो नुसता दुरुस्तीचा विषय राहत नाही, जिवाशी खेळ होतो.

अंथरणं आणि जोड

रोल आणला की लगेच कापू नका. उन्हात दोन-तीन तास पसरून ठेवा, घड्या मोडतात. सगळ्या पट्ट्यांची पाती एकाच दिशेला झुकलेली असावीत. दिशा उलटली तर जोडाच्या दोन बाजू वेगळ्या रंगाच्या दिसतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. पाती बसायच्या बाजूकडे, म्हणजे घराकडे किंवा व्हरांड्याकडे झुकलेली ठेवली की गवत भरगच्च दिसतं.

बाजारात रोल बहुधा दोन मीटर रुंद येतो. त्यामुळे जोड टळत नाहीत, पण ते कुठे येतील हे आपल्या हातात आहे. पूलच्या शिडीसमोर, शॉवरच्या वाटेवर जोड नको. कापताना मागच्या बाजूने, दोन टाक्यांच्या ओळींमधून कापा. दोन पट्ट्या जवळ आणताना मधलं अंतर टाक्यांच्या ओळींमधल्या अंतराएवढं ठेवा. खाली फूटभर रुंदीची जोडपट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद, आणि वरून चोवीस तास वजन. साधा फेविकॉल किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पूलजवळ टिकत नाही. लोखंडी खिळे क्लोरीनच्या पाण्याने गंजतात आणि तांबूस डाग वर येतात. गॅल्व्हनाइज्ड घ्या, मीठ वापरणारा पूल (पाण्यात मीठ घालून त्यापासून क्लोरीन तयार करणारा) असेल तर स्टेनलेस स्टीलचे. पूलच्या बाजूची कड खिळ्यांनी नव्हे, गोंदानेच धरा. तिथे पोरं पळतात.

काम झालं की कापलेले धागे व्हॅक्युमने ओढून घ्या. पहिले काही दिवस पूलच्या स्किमरची (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाची) जाळी रोज काढून धुवा. हे हिरवे धागे पंपात गेले की त्रास देतात.

वाळू

मोकळ्या अंगणात गवताच्या मुळाशी वाळू भरतात, त्याने पाती उभी राहतात आणि गवत सरकत नाही. पूलजवळ तीच वाळू पायांबरोबर पाण्यात जाते. पाण्याकडच्या पहिल्या तीन-चार फुटांत वाळू नको, तिथे गोंदावर भर द्या. बाकीच्या जागेत गोल दाण्याची, धुतलेली सिलिका वाळू थोडी घाला. एम-सँडचे (दगड फोडून केलेल्या वाळूचे) दाणे टोकदार असतात, ते धागा घासतात. नदीच्या वाळूत गाळ असतो. काळ्या रबराचे दाणे तर पूलच्या आसपास आणूच नका. तापतात, वास मारतात आणि पायांबरोबर पाण्यात जातात.

ऊन

हे न सांगता गवत विकणारे बरेच आहेत. कडक उन्हात कृत्रिम गवताचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. बेळगाव शहराची हवा सौम्य असली तरी एप्रिलच्या दुपारी उघड्यावरचं गवत पाय भाजवतं. अथणी-रायबागकडे पाऱ्याची चाळिशी गाठली जाते, तिथे लहान मुलांना अनवाणी सोडायचंच नाही. पाणी शिंपडलं तर थंड होतं, पण थोड्या वेळापुरतं. खरा उपाय सावली. पश्चिमेच्या बाजूला शेडनेट किंवा पांढरं ताणलेलं कापड, किंवा झाड. मात्र झाड असं निवडा की ते पूलमध्ये पानं गाळणार नाही. चिंच आणि गुलमोहर दोन्ही सुंदर, पण त्यांची बारीक पानं गवतात रुतून बसतात. चालायच्या वाटेवर मधे मधे फिकट दगडाच्या फरश्या बसवल्या तर मुलांना उड्या मारत जाता येतं.

घराच्या मोठ्या काचांवरून परावर्तित होणारं ऊन रोज एकाच जागी पडत असेल तर तिथलं गवत आक्रसतं, वितळतंही. काम करायच्या आधी दुपारी एकदा काचेचा कवडसा कुठे पडतो ते पाहून ठेवा.

नेहमीची निगा

आठवड्यातून दोनदा पालापाचोळा काढणं आणि एकदा साध्या पाण्याने धुणं, एवढ्यावर बरंच भागतं. झाडू प्लॅस्टिकच्या केसांचा, तारेचा ब्रश कधीच नाही. पाती झोपलेली असतील त्याच्या उलट्या दिशेने झाडा. खुर्च्या, झोपायच्या बाकड्या दर पंधरवड्याला दोन फूट सरकवा.

चिकोडी-अथणीकडे बोअरचं पाणी जड असतं. ते गवतावर वाळलं की पात्यांवर पांढरट क्षार बसतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून शिंपडा, दहा मिनिटांनी ब्रश आणि मग भरपूर पाणी. कुत्र्याच्या लघवीचा वासही याच मिश्रणाने जातो. मिठाचा पूल असेल तर मिठाचे कण गवतात साठतात. पोहणं झालं की त्या दिवशी गोड्या पाण्याने धुऊन टाका.

क्लोरीनबद्दल जपून

पूलच्या पाण्यात १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत एक ते तीन भाग) क्लोरीन असतं. तेवढ्याने पॉलिइथिलीनच्या गवताला काही होत नाही. घात होतो तो डब्यातल्या क्लोरीनने. द्रव क्लोरीनचा कॅन गवतावर टेकवला, झाकण सैल होतं, सकाळी तिथे फिका गोल डाग. औषधं मोजणं, ओतणं सगळं दगडी पट्टीवर किंवा पंपरूममध्ये करा. सांडलंच तर लगेच पाइप लावून पाणी सोडा, पुसत बसू नका.

आता अगदी लक्ष देऊन वाचा. क्लोरीन सांडलेल्या जागी व्हिनेगर किंवा ॲसिड टाकू नका. दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो, जो फुफ्फुसाला घातक आहे. तसंच क्लोरीनच्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या वा पावडरी एका भांड्यात एकत्र करू नका, पेट घेऊ शकतात. फार्महाऊसवर हे काम बहुधा राखणदार करतो. त्याला कानडीत, मराठीत, जी भाषा त्याला कळते तीत समोर उभं राहून समजावा.

शेवाळ मारायला काही जण मोरचूद वापरतात. त्याचं पाणी गवतावर आलं तर निळसर-हिरवे डाग पडतात.

पावसाळा

मे महिन्यात, पहिल्या वळवाच्या आधी, गटाराची जाळी उचलून आतला गाळ काढा. सगळे जोड हाताने चाचपा. सैल झालेला जोड सुक्यातच चिकटतो. शेजारच्या शेतातून किंवा चढावरून तांबडं पाणी गवतावर येत असेल तर वरच्या अंगाला आडवा चर काढून ते बाजूला वळवा. खानापूरकडे या एका चराने जेवढं काम होतं तेवढं कुठल्याच औषधाने होत नाही.

जुलैत कित्येक दिवस ऊन दिसत नाही. तेव्हा गवतावर, विशेषतः भिंतीच्या सावलीत, शेवाळ धरतं आणि जागा निसरडी होते. ओलं गवत फरशीपेक्षा कमी निसरडं असतं म्हणून आपण बिनधास्त असतो, आणि शेवाळाने पाय जातो. पाऊस उघडला की ताठ ब्रशने शेवाळ खरवडून काढा, व्हिनेगरचं पाणी मारा आणि धुवा. कुंड्या, चटया, खुर्च्या या दिवसांत गवतावर ठेवू नका. त्यांच्याखाली ते कधीच वाळत नाही. पैसा (वाणी किडा), गोगलगाय, गांडुळं येतात. मीठ किंवा कीटकनाशक टाकू नका, ते सगळं पूलमध्ये उतरतं. सकाळी सुपलीत भरून झाडांखाली सोडली की झालं.

दसऱ्याच्या आसपास मोठी धुलाई. एक कोपरा थोडा उचलून आत वास आहे का, चिखल चढलाय का, बघा. चिखल असेल तर तेवढा भाग उचलून खडी धुऊन परत बसवणं हाच इलाज. प्रेशर वॉशर वापरायचा तर नोझल फूटभर लांब आणि तिरकं ठेवा, जोडावर झोत मारू नका.

हळद, तेल, फटाके

आजकाल हळदीचे कार्यक्रम पूलच्या कडेला होतात. गवत पिवळं झालं की घाबरून कुणी कपड्याचा साबण लावतं आणि डाग लाल होतो, मग घबराट वाढते. साबणातल्या अल्कलीने हळद लाल पडते, जसं चुन्याने कुंकू होतं. पाण्याने धुवा आणि उन्हात सोडा. हळदीचा रंग उन्हात विरतो. मे महिन्यात काही दिवसांत डाग शोधावा लागतो. कुंकू, गुलाल मात्र आधी कोरडाच झाडून, व्हॅक्युमने काढायचा. पाणी मारलं की तो धाग्यात उतरतो. मिसळीचा कट, चिकनचं तेल सांडलं तर भांड्यांचा पातळ साबण आणि कोमट पाणी. उकळतं पाणी नको. च्युइंगगम बर्फाने कडक करून खरवडा.

पॉलिइथिलीन साधारण ११०-१३० अंशाला वितळतं. फुलबाजीची एक ठिणगी पडली तरी भोक पडतं. पणत्या दगडी पट्टीवर लावा, शेकोटी आणि बार्बेक्यू गवतापासून लांब मातीवर करा, फटाके दुसऱ्या अंगणात.

भोक पडलं, जुनं झालं

काम झाल्यावर उरलेले तुकडे फेकू नका. पातीची दिशा मार्करने मागे लिहून, गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. चार वर्षांनी त्याच रंगाचा रोल मिळत नाही. जळालेला चौकोन कापून काढायचा, तेवढाच तुकडा त्याच दिशेने बसवायचा, खाली जोडपट्टी आणि गोंद.

पाती चिमटीत धरून वाकवली की तुटायला लागली, हाताला हिरवी भुकटी लागली, तर गवताचं आयुष्य संपलं. मग त्याची भुकटी पूलमध्ये आणि ओढ्यात जाते, ते लांबवू नका. काढलेलं गवत जाळायचं नाही; धूर विषारी असतो आणि राख शेतात पसरते. चांगले तुकडे गोठ्याबाहेर पाय पुसायला, गाडीच्या डिकीत, नर्सरीत कुंड्यांखाली चालतात. उरलेलं गुंडाळून नगरपालिकेच्या सुक्या कचऱ्यात द्या. पाया नीट घातलेला असेल तर खडीला हात लावायची गरज पडत नाही. वरचा थर झाडून, समतल करून नवा रोल त्याच्यावरच अंथरता येतो.